अंड्याचे कवच आणि जबलपूरचे सरीसृप

मे महिन्यात जबलपूरचा पारा 42 अंशांच्याही वर चढतो. अशा भूमीत सरपटणारे प्राणी कसे तग धरतात, असा प्रश्न वाचकांच्या मनात साहजिकच येईल. सरडा सकाळी उन्हात बसून देहाला ऊब मिळवितो व ऊन चढताच सावलीस जातो. खवल्यांची त्वचा पाणी फारसे बाहेर जाऊ देत नाही. टाकाऊ नत्रही तो मुख्यतः यूरिक अम्लाच्या पांढऱ्या कणांच्या रूपाने टाकतो, म्हणजे तेथेही पाण्याची बचतच. परंतु प्राण्याला सावली गाठता येते, अंड्याला ती गाठता येत नाही. खरी कसोटी तेथे आहे.

अंड्यात प्राणवायू शिरला पाहिजे, पाणी मात्र निसटता कामा नये. घरातील पाल भिंतीच्या कोरड्या फटीत अंडी घालते. तिच्या अंड्याचे कवच चुनखडीयुक्त व टणक असते. बागेतील सरड्याची मादी ओलसर मातीत खळगा करून अंडी पुरते. त्यांचे कवच चामड्यासारखे लवचीक असून ते मातीतील ओल शोषून घेते. पालीच्या फटीत ठेवल्यास हे अंडे सुकून जाईल.

हाच हिशेब येथील खडकांतही वाचता येतो. 1828 साली स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यास जबलपुरात प्रचंड मणके सापडले. 1877 मध्ये लायडेकर यांनी त्यावरून टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिले. (हे नाव आता संदिग्ध मानले जाते, अवशेषांचे महत्त्व त्याने उणावत नाही.) पुढे नर्मदाकाठच्या लमेटा थरांत या कुळातील मानली जाणारी गोल अंडीही मिळाली. त्यांच्या जाड कवचाला असंख्य सूक्ष्म छिद्रे आहेत. असे अंडे उघड्यावर लवकर वाळले असते. म्हणून ते मातीत पुरलेले असावे, असे अनुमान निघते.

जबलपूरजवळच्या परियट नदीत आजही मगरी आहेत. मादी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठच्या मातीत अंडी घालते. येथे तर माती पिलाचे लिंगही ठरविते: घरट्याचे तापमान 31 अंशांपर्यंत राहिल्यास सर्व माद्या होतात, 32.5 अंशांच्या आसपास बहुतेक नर. दीड अंशाचा हा फरक घरट्याची खोली, सावली व ओल यांवर अवलंबून असतो. काठावरील माती वा वाळू उपसली, झाडी तोडली, तर घरटे वाचले तरी त्यातील नर-मादींचे प्रमाण बदलू शकते. पावसाळ्यात काठ मोकळा ठेवण्याने हे टळत नाही. घरटी भरलेली असतात ती उन्हाळ्यात.