कादंबरीचा सिनेमा होताना काय होतं? – ‘ज्युरासिक पार्क’च्या निमित्ताने



“सिनेमा पाहिलाय ना, मग पुस्तक कशाला वाचायचं? गोष्ट तर तीच आहे!” हे वाक्य मुलं म्हणतात आणि खरं सांगायचं तर आपण मोठी माणसंही म्हणतो. गोष्ट खरंच तीच असते का, हे तपासायचं असेल तर थरारक विज्ञानकथा घ्यावी. अशा कादंबरीत निम्म्या घटना असतात आणि निम्मं विज्ञान समजावून सांगणं असतं. पळापळ, आरडाओरडा पडद्यावर सहज जातो. समजावून सांगणं मात्र तसं जात नाही. कॅमेऱ्यासमोर कुणी दहा मिनिटं गणित शिकवायला लागलं तर प्रेक्षक चहा प्यायला बाहेर जाणार!

‘ज्युरासिक पार्क’चंच उदाहरण घेऊ. मायकेल क्रायटन यांची ही इंग्रजी कादंबरी १९९० मध्ये आली. क्रायटन यांनी हार्वर्डमधून डॉक्टरकीचं शिक्षण घेतलेलं होतं आणि ते त्यांच्या लिखाणात जाणवतं. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा सिनेमा १९९३ चा. भारतात तो १९९४ मध्ये आला, तोही हिंदीत डब होऊन, त्यामुळे इंग्रजी न येणाऱ्या घरांतही डायनासोर पोचला. कथा आपल्याला माहीतच आहे. जॉन हॅमंड नावाचा श्रीमंत माणूस कोस्टा रिकाजवळच्या एका बेटावर डायनासोर तयार करतो. राळेत अडकलेल्या जुन्या डासांच्या पोटातल्या रक्तातून डीएनए काढायचा, तुटलेल्या जागी बेडकाचा डीएनए जोडायचा, अशी त्यामागची कल्पना. पिल्लं होऊ नयेत म्हणून सगळे प्राणी मादीच ठेवलेले. तरीही पिल्लं होतात.

ती झाल्याचं कळतं कसं? इथेच पुस्तक आणि सिनेमा वेगळ्या वाटेला लागतात.

कादंबरीत ते कळतं एका तक्त्यातून. बेटावरचे प्राणी संगणक सतत मोजत असतो. अपेक्षित प्राणी २३८, सापडले २३८. सगळे खूश. मग इयान माल्कम हा गणितज्ञ म्हणतो, अपेक्षित आकडा वाढवून बघा. वाढवतात, तर संगणक २९२ प्राणी दाखवतो! बिघाड संगणकात नव्हताच. त्याला विचारलेला प्रश्नच अपुरा होता. एखादा प्राणी कमी तर झाला नाही ना, एवढंच त्याला बघायला सांगितलेलं. २३८ मोजून झाले की तो थांबायचा. प्राणी जास्तही होऊ शकतात, हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

आपल्याला हे लगेच पटावं. सहलीला ४० मुलं नेली, परत निघताना बसमध्ये मोजली, ४० झाली की आपण “चला, निघा!” म्हणतो. मागच्या सीटवर दुसऱ्या शाळेची दोन मुलं चुकून बसली असतील तर? आपण ४० लाच थांबलो, मग ती दिसणार कशी?

त्याच कादंबरीत छोट्या डायनासोरांच्या उंचीचा एक आलेखही आहे. मधे फुगीर, दोन्ही बाजूंना उतरता. वाटतं, छान, निसर्गात असतो तसाच तर आहे! माल्कमचं म्हणणं असं की हीच तर गडबड आहे. प्राणी तुम्ही तीन खेपांत सोडलेत, मग आलेखाला तीन उंचवटे दिसायला हवेत. एकच उंचवटा आहे, म्हणजे ते आपले आपण वाढताहेत. आकड्यांनी अंगावर काटा येऊ शकतो, हे मला या पानांवर पटलं.

सिनेमात यातलं काहीच नाही. झाडावर रात्र काढून डॉ. ग्रँट दोन मुलांना घेऊन खाली उतरतात आणि त्यांना अंड्यांची फुटलेली कवचं दिसतात. शेजारी चिमुकल्या पावलांचे ठसे. झालं! दोन-चार वाक्यांत प्रेक्षकाला सगळं समजतं आणि पहिलीतल्या मुलालाही समजतं. पटकथेवर आधी स्वतः क्रायटन यांनी आणि नंतर डेव्हिड केप यांनी काम केलं. तक्त्याच्या जागी अंड्याचं कवच ठेवणं हा हुशार निर्णय आहे, यात शंका नाही. पण कवचातून एवढंच कळतं की पिल्लं झाली. ती इतके दिवस कुणाला कशी दिसली नाहीत, हे त्यातून कळत नाही. पुस्तक मिटल्यावर भीती वाटते ती आपल्याच मोजण्याची. सिनेमा संपल्यावर भीती वाटते दातांची.

म्हणून सिनेमा कमी दर्जाचा, असं मी म्हणणार नाही. उलट काही ठिकाणी तो पुस्तकाच्या पुढे जातो. पुस्तकातला माल्कम फार भाषणं देतो, जखमी होऊन पडल्यावरसुद्धा! सिनेमात तो गाडीत बसल्या बसल्या डॉ. सॅटलर यांच्या हातावर पाण्याचा थेंब सोडतो. दुसरा थेंब त्याच जागी सोडला तरी वेगळ्या दिशेने ओघळतो. लहानशा फरकाने पुढचं सगळं बदलतं, ही अवघड कल्पना एका थेंबात बसली. डीएनएचं स्पष्टीकरणही तसंच. पाहुण्यांना एक कार्टून फिल्म दाखवली जाते आणि त्यांच्याबरोबर आपणही शिकून घेतो. आणि तो पाण्याचा ग्लास! टी-रेक्स दिसायच्या आधी ग्लासातल्या पाण्यात गोल तरंग उठतात. गाडीच्या डॅशबोर्डखाली गिटारची तार बांधून ती छेडली, तेव्हा कुठे तसे तरंग मिळाले. सुमारे दोन तासांच्या या सिनेमात डायनासोर जेमतेम १५ मिनिटं दिसतात, बाकी वेळ आपण ग्लासाकडे बघत घाबरतो.

मला खटकतो तो हॅमंड. पुस्तकात तो हट्टी आणि पैशाचा लोभी आहे. शेवटी त्याच्याच बेटावरचे छोटे डायनासोर त्याला मारतात. सिनेमात तो पांढऱ्या दाढीचा प्रेमळ आजोबा झालाय. त्याची चूक स्वप्नाळू माणसाची चूक वाटते आणि तो सुखरूप घरी जातो. विज्ञान बाजारात उतरवताना जबाबदारी कुणाची, हा कादंबरीचा मोठा प्रश्न होता, तो इथे मवाळ झाला. मुलांच्या बाबतीतला बदल मात्र मला आवडतो. पुस्तकात टिम मोठा, डायनासोर आणि संगणक दोन्ही त्यालाच कळतात, धाकटी लेक्स नुसती कुरकुर करते. सिनेमात लेक्स मोठी आहे आणि कुलपं बंद करणारा संगणक तीच चालू करते. १९९३ साली संगणक मुलीच्या हातात दिला, ही बारीक गोष्ट नाही.

दोन्हीकडे सारख्याच राहिलेल्या चुकाही आहेत, कारण मुलं नक्की विचारतात, “सर, खरंच असं करता येईल का?” नाही. न्यूझीलंडच्या नामशेष मोआ पक्ष्याच्या हाडांवरून २०१२ मध्ये असं दिसलं की सुमारे ५२१ वर्षांत डीएनएचे निम्मे दुवे तुटतात. डायनासोर तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच संपले. आणि खरा व्हेलोसिरॅप्टर टर्कीएवढा होता, अंगावर पिसं असलेला. तो दारं उघडून स्वयंपाकघरात शिरेल, असं काही नाही!

वर्गात याचं काय करायचं? कादंबरी प्राथमिकच्या मुलांसाठी नाही, त्यात रक्तपात बराच आहे. सिनेमाही लहानांना एकटं बसवून दाखवू नये. पण यातली युक्ती तिसरी-चौथीला सहज वापरता येते. फळ्यावर एक वाक्य लिहा : ‘राजूला खूप भीती वाटली.’ आता विचारा, कॅमेऱ्याला भीती दिसते का? मग काय दिसेल? मुलं सुरुवातीला “तो ओरडला” म्हणतात. थोडं थांबलं की “त्याने चप्पल न घालताच धूम ठोकली”, “त्याच्या हातातला डबा वाजायला लागला” अशी उत्तरं येतात.

नंतर हेच उलट करा. आवडत्या सिनेमातला एक प्रसंग मुलांना बोलीभाषेत लिहायला सांगा आणि त्यात कॅमेऱ्याला दिसलं नसतं असं एक तरी वाक्य घालायला लावा. त्या माणसाच्या मनात काय होतं? त्याने काय मोजलं, आणि काय मोजायचं राहून गेलं? हा भाग मुलांना जास्त जड जातो, त्यामुळे त्याला वेगळी तासिका ठेवा. गृहपाठ म्हणून देऊ नका, घरून आईबाबांची वाक्यं येतात!