साखर नॉर्मल, पण इन्सुलिन किती?

येळवशीच्या सणाला (वेळा अमावास्येला) उमरग्याच्या शिवारात पंगत बसते तेव्हा ताटात भज्जी, बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी असते आणि प्यायला माठातली आंबील. यातही पिष्ट भरपूर आणि चहाबरोबरच्या बिस्किटांतही पिष्टच. पण मधुमेह नसलेल्या माणसाच्या रक्तातलं इन्सुलिन दोन्ही वेळी सारखं चढत नाही.

मधुमेह नाही म्हणजे साखर आवाक्यात आहे. ती आवाक्यात ठेवायला स्वादुपिंडाला किती इन्सुलिन सोडावं लागतं, हे मात्र साखरेच्या तपासणीत कळत नाही. पोटावर चरबी साठली की यकृत आणि स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे होतात, स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं आणि रिपोर्ट वर्षानुवर्षं ‘नॉर्मल’ येत राहतो. आपल्याकडे तर याची चाहूल जन्मतःच लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पुणे व लंडनच्या नवजात बाळांची तुलना प्रसिद्ध केली. पुण्याची बाळं वजनाने हलकी होती, तरी त्यांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिन जास्त होतं.

भज्जीत तूर, हरभरा, पालेभाज्या आणि चिंच एकत्र शिजतात. डाळींच्या दाण्यात पिष्ट पेशीभिंतींच्या आत अडकलेलं असतं, ते सावकाश पचतं आणि साखर हळूहळू रक्तात उतरते. इन्सुलिनही बेताने लागतं. कडधान्यांचा असर पुढच्या जेवणापर्यंत टिकतो, असंही प्रयोगांत दिसलं आहे. आंबटपणाचीही मदत होते, कारण आम्लामुळे जठर हळू रिकामं होतं. मैद्याच्या बिस्किटात यातलं काहीच नाही. भाकरीला मात्र मी औषध म्हणणार नाही. भाजी-आमटीविना चार भाकरी खाल्ल्या तर इन्सुलिन चढणारच.

शिवाय इन्सुलिन फक्त साखरेमागे धावत नाही. अन्न आतड्यात उतरताच तिथली संप्रेरकं स्वादुपिंडाला खबर देतात. दुधाने साखर थोडीच वाढते, इन्सुलिन त्या मानाने बरंच. सिडनीत सुझॅन होल्ट यांनी १९९७ मध्ये सारख्याच उष्मांकाचे ३८ पदार्थ निरोगी माणसांना खाऊ घालून इन्सुलिन मोजलं. मांस आणि मासळीनेही ते चांगलंच वाढलं.

लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी मराठवाड्यात घरोघर नेलेला विचार असा की, प्रत्येक खाण्यामागे इन्सुलिन स्रवतं, म्हणून दिवसात दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवा. दिवसभर तोंड चालू ठेवणाऱ्यांना हे सांगायलाच हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. पण त्या ५५ मिनिटांत काय खाल्लं, यानेही फार फरक पडतो. होल्ट यांच्या मोजणीत पांढऱ्या ब्रेडचा आकडा १०० धरला होता आणि उकडलेल्या बटाट्याचा आला १२१. एकादशीला आपण तोच बटाटा ताटभर घेतो.