यीस्टच्या भिंतीआडचे विकर

यीस्ट ही एकपेशीय बुरशी. साखरेपासून मद्यार्क घडविणारी विकरे, म्हणजेच एन्झाइम्स, तिच्या पेशीत असतात. परंतु सभोवती ग्लुकन व मॅनन यांची चिवट भिंत असते. उष्णता देऊन ती फोडावी, तर आतील विकरेच निकामी होतात. मग रगडणे आले.

१८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी प्रसिद्ध केलेल्या कृतीत एक किलो यीस्ट, तितकीच स्फटिकवाळू व पाव किलो किझेलगूर माती एकत्र खलली जाते. एकमेकांवरून सरकणारे वाळूचे कण भिंत ओढून फाडतात. यालाच कर्तनबल म्हणावे. भुकटीसारखे मिश्रण खलता खलता ओलसर होते. पेशी फुटल्याची ही खूण मला फार बोलकी वाटते. पुढे ते कापडात बांधून ४०० ते ५०० वातावरण दाबाखाली पिळावयाचे. रस टिकावा म्हणून साखर घातली, तो बुडबुडे येऊ लागले! जिवंत पेशीवाचून किण्वन नाही, हे पाश्चर यांचे मत तेथे ढळले. १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल बुखनर यांना मिळाले.

आज वाळूऐवजी काचेचे मणी वापरतात, किंवा पेशींचा द्रव प्रचंड दाबाने अरुंद फटीतून दवडतात. घर्षणाची उष्णता मात्र चुकत नाही. यंत्र थंड न राखल्यास मोकळे झालेले विकर तेथेच नासते.