पूर्वसेवा आणि पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेश : सेवेच्या गुणांकनाचा प्रश्न

एम.बी.बी.एस. झालेल्या डॉक्टरला निवासी डॉक्टर म्हणून पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे असल्यास त्याने पूर्वी केलेल्या नोकरीचे मोल काय? अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर निवडकर्ते देतात. तेथील रेसिडेन्सीच्या अर्जात कामाच्या अनुभवाची नोंद असते आणि शिफारसपत्रे व मुलाखत यांच्या जोडीने ती वाचली जाते. भारतातील प्रवेश गुणवत्ता यादीवरून होतो आणि यादीला केवळ संख्या कळते. सबब येथे पूर्वसेवेचे रूपांतर गुणांत तरी करावे लागते किंवा राखीव जागांत तरी.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००० च्या पदव्युत्तर शिक्षण विनियमांत पुढे दुरुस्तीने पहिला मार्ग स्वीकारला गेला. दुर्गम वा अवघड भागातील शासकीय सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी प्रवेश परीक्षेत मिळालेल्या गुणांच्या १० टक्के, कमाल ३० टक्के, प्रोत्साहन गुण देता येत होते. पदविकेच्या ५० टक्के जागाही अशी किमान तीन वर्षे सेवा केलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी होत्या. खासगी रुग्णालयातील अनुभवाला, तो कितीही कसदार असला तरी, या सूत्रात स्थान नव्हते. दुर्गम भाग कोणता हे ठरविण्याचा अधिकार राज्याकडे असल्याने एखाद्या आरोग्य केंद्राचे नाव यादीत असणे वा नसणे डॉक्टरच्या भवितव्याशी निगडित झाले.

या सूत्रातील एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. वाढ मिळालेल्या गुणांच्या प्रमाणात होती. ८०० पैकी ४०० गुण मिळविणाऱ्या उमेदवारास तीन वर्षांच्या सेवेपोटी १२० गुण मिळत, तर ३०० गुण मिळविणाऱ्यास ९०. म्हणजे धडगाव वा धारणीसारख्या तालुक्यात दोघांनी सारखीच सेवा केली असली, तरी तिचे मोल भिन्न! ज्याला बाह्यरुग्ण विभाग, प्रसूती आणि साथरोग यांतून अभ्यासास कमी उसंत मिळाली, त्याच्या सेवेची किंमतच कमी ठरे. सेवेचा गौरव करणारे सूत्र पुन्हा परीक्षेच्याच तराजूत तोलले जात होते.

दुसरा मार्ग, म्हणजे सेवेतील डॉक्टरांसाठी पदवीच्या जागा राखून ठेवणे, न्यायालयीन वादात सापडला. १६ ऑगस्ट २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिनेशसिंह चौहान प्रकरणात उत्तर प्रदेशातील असा कोटा अमान्य केला. दरम्यान अनेक ठिकाणी पदविकेच्या जागा पदवीत रूपांतरित होऊ लागल्याने पदविकेच्या राखीव जागांना फारसा अर्थ उरला नाही. पुढे तामिळनाडूतील वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ३१ ऑगस्ट २०२० रोजी निर्णय दिला. राज्याच्या वाट्यातील जागांवर असा स्वतंत्र प्रवेशमार्ग ठेवण्याचा अधिकार राज्यांना आहे, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. तथापि किमान पात्रता गुणांची अट कायम राहिली. त्यामुळे कोट्यामुळे गुणवत्तेचा बळी जातो, हा आक्षेप सांगितला जातो तितका सबळ नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये पदव्युत्तर पदवीच्या २० टक्के जागा सेवांतर्गत उमेदवारांसाठी ठेवल्या. परीक्षा झाल्यानंतर निर्णय आल्याने त्यास आव्हान दिले गेले; परंतु तो टिकला. इतर उमेदवारांची तक्रार अगदीच निराधार म्हणता येत नाही, कारण अभ्यासाची आखणी उपलब्ध जागा पाहूनच केली जाते.

घटनापीठाने अशा प्रवेशाबरोबर ग्रामीण, आदिवासी व डोंगराळ भागात पुढील सेवेचे बंधपत्र घेण्यासही सांगितले. येथे खरी अडचण सुरू होते. डॉक्टर तीन वर्षे शिक्षणास गेला की त्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, आदिवासी भागातील निकषानुसार सुमारे २०,००० लोकसंख्येसाठी, पर्यायी अधिकारी नेमावा लागतो. शल्यचिकित्सेची पदवी घेऊन परतल्यावर त्याची नेमणूक शस्त्रक्रियागृह व भूलतज्ज्ञ असलेल्या उपजिल्हा रुग्णालयात न होता पुन्हा त्याच केंद्रात झाली, तर त्याचे शिक्षण तेथील रुग्णाच्या उपयोगी पडत नाही. प्रवेशाचे नियम एक विभाग पाहतो आणि नेमणुकांचे आदेश दुसरा काढतो.