मंगरूळपीरचा मलिदा

मी चार वर्षांचा असताना विषमज्वराने अंथरुणाला खिळलो. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा आईने मंगरूळपीरच्या हयात कलंदरांच्या दर्ग्याला नवस केला. मी बरा झालो आणि सोवळ्याओवळ्याच्या घरातली ती बाई मलिदा घेऊन दर्ग्यात गेली. देव्हाऱ्यातला दत्त त्यामुळे रागावल्याचे आमच्या घरात कुणाला जाणवले नाही.

रागावेल तरी कसा? नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान कारंजा मंगरूळपीरहून तासाभराच्या वाटेवर. हा सारा मुलूख तेव्हा अकोला जिल्ह्यात होता, १९९८ साली तो वाशीम जिल्हा झाला. ‘गुरुचरित्रा’त बिदरच्या मुसलमान बादशहाचा असाध्य फोड याच गुरूंच्या कृपेने बरा होतो. तिकडे श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत ‘योगसंग्राम’ लिहितात. दुखणे आले की आपला-परका न पाहता दार ठोठवावे, ही आमच्याकडची जुनी रीत.

पुढे बँकेत नवखा असताना एक कर्जाचा अर्ज आला. आडनाव देशमुख, नाव मुसलमानी. मी म्हटले, “लिहिण्यात चूक तर नाही ना?” म्हातारा हसला. “सायेब, देशमुखी बी आमचीच अन् नमाज बी आमचाच. चूक कायची?” त्या वर्षी पोळ्याला त्यांची बैलजोडी पाहिली. शिंगांना बेगड, अंगावर झूल, गावच्या तोरणाखाली मानाने उभी. घरच्या लग्नात हळद होती, मांडव होता, बायकांची गाणी होती. निकाह मात्र काझींनी लावला.

आई गेल्यावर परवा पुन्हा मंगरूळपीरला गेलो. आवारात भेटलेला एक तरुण शिक्षक अदबीने म्हणाला, “काका, नवस-गंडे आमच्या धर्माला धरून नाहीत. देणारा एक अल्लाच.” घरी पुतण्यानेही विचारले होते, “आपले देव कमी पडले का?” दोघेही मनापासून बोलत होते. आपला धर्म निर्मळ राखावा असे वाटण्यात गैर काही नाही. पण आईला कुठले ऐक्य साधायचे नव्हते. तिच्यापुढे तापाने फणफणलेले पोर होते. त्या भीतीला धर्म नव्हता, इतकेच. नवस सुटले तर सुटोत. पण त्या निमित्ताने एकमेकांचे उंबरे ओलांडले जात, ते आता कशाने ओलांडायचे?

मी घरून मलिदा नेला होता. पोळ्या कुस्करून, गूळ-तूप घालून स्वतः केलेला. डबा पुढे केला तेव्हा तो शिक्षक घुटमळला. म्हटले, “प्रसाद म्हणून नको बाबा, खाऊ म्हणून घे.”

त्याने घास घेतला. मग हळूच म्हणाला, “काका, तूप जरा जास्त झालंय.”