किनाऱ्यावर उतरणारी बॅटरी

१ जूनला पश्चिम किनाऱ्यावरची यांत्रिक मासेमारी थांबते. हर्णैला, मिरकरवाड्याला, मालवणला बोटी वर ओढतात, शाकारतात. इंजिनाला तेलपाणी होतं, जाळी दुरुस्तीला निघतात. बॅटरी मात्र पेटीतच राहते. ऑगस्टमध्ये किल्ली फिरवली की नुसतं ‘टक्’ वाजतं आणि पुढे सगळं गप्प. खाऱ्या वाऱ्याला दोष देऊन नवी बॅटरी आणली जाते. मला विचाराल तर ती बिचारी त्या दोन महिन्यांत उपाशी मेलेली असते.

बोटींवर अजूनही सर्रास दिसणारी लेड-ॲसिड बॅटरी गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५९ मध्ये केली. तिचं तत्त्व आजही तेच आहे. वीज देताना शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर बसतो; लगेच चार्ज केली तर तो पुन्हा आम्लात विरघळतो. आठवडेच्या आठवडे तशीच ठेवली तर त्याचे कठीण स्फटिक होतात आणि तेवढी पट्टी कायमची निकामी होते. तारा काढून ठेवल्या तरी बॅटरी आपोआप थोडी थोडी उतरतच असते, आणि उकाड्यात जास्त: तापमान दहा अंशांनी चढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून जबलपूरकडे, बरगी धरणाच्या गोड्या पाण्यात मोटारबोट चालवणाऱ्यानंही निर्धास्त राहू नये. तिथे मीठ नाही, पण मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो.

बॅटरीची नाडी पाहायला हायड्रोमीटर पुरतो. रबरी फुगा दाबून नळीत ॲसिड ओढायचं, आतला तरंगता काटा स्थिरावू द्यायचा आणि डोळा पातळीला आणून वाचायचं. १.२६५ ते १.२८ आलं तर बॅटरी भरलेली, १.२० म्हणजे निम्मी. सहा घरांपैकी पाच सारखी आणि एकच ०.०५ नं मागे असेल, तर ते घर गेलं समजा. मीटर लावायचा असेल तर बॅटरी काही तास शांत राहू द्यावी, १२.६ व्होल्टच्या वर भरलेली, १२.२ ला अर्धी. मी १२.४ ला चार्जर लावतो, त्याखाली जाऊ देत नाही.

पाणी डिस्टिल्डच, तेही चार्जिंगनंतर. आधी पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर त्या बुडण्यापुरतंच. विहिरीच्या पाण्यातले क्षार पट्ट्या खातात. टर्मिनलवरचा हिरवट-पांढरा फुलोरा खाण्याच्या सोड्यानं धुवावा, बुचं घट्ट लावूनच, मग व्हॅसलीन. तारा काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना ती शेवटी. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्के झाला तरी एका ठिणगीनं पेटतो, म्हणून पेटीचं झाकण उघडं हवं. समुद्राचं पाणी आत शिरलं तर विषारी क्लोरीन वायू तयार होऊ शकतो. पाणबुड्यांतल्या खलाशांना याचीच धास्ती असे.

सगळ्यात जास्त जीव लावावा तो पावसात खाडीतच बांधून ठेवलेल्या बोटीला. तिच्यात पाणी साचतं, ते उपसणारा बिल्ज पंप पुन्हा पुन्हा सुरू होतो, आणि ढगाळ दिवसांत सोलर पॅनेलही फारसं काही देत नाही. एका रात्री बॅटरी संपते, पंप थांबतो, पाऊस मात्र थांबत नाही. अशा बोटीत पंपाची बॅटरी इंजिनाच्या बॅटरीपेक्षा वेगळी, जाड पट्ट्यांची असावी, आणि आठवड्यातून एकदा कुणीतरी होडीनं जाऊन तिचा व्होल्टेज बघून यावं.