मुंग्या, फडफड आणि ‘टेन्शन’

हातापायांना मुंग्या येतात, पापणी आठवडाभर फडफडते, पोटरीत मांस उडते. दवाखान्यात उत्तर मिळते, ‘टेन्शन घेऊ नका.’ आपल्या बायांना तर ते हमखास ऐकावे लागते. घरी आल्यावर दुसरीच धास्ती बसते: हे खरेच टेन्शन, की नसांचा मोठा आजार?

टेन्शनने असे होते, यात खोटे काही नाही. भीतीत आपण भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. श्वास संथ झाला की त्या ओसरतात. ताकद शाबूत असताना नुसती फडफड असेल, तर ती बहुधा जागरणाची, दमणुकीची नि दिवसभराच्या चहाची असते.

पण तपासणीआधीच टेन्शनचा शिक्का मारणे आम्हाला मान्य नाही. तळवे जळजळतात, चप्पल निसटली तरी कळत नाही, तर साखर तपासा. बाबासाहेबांनाही मधुमेह होता, शेवटच्या वर्षांत पायांच्या दुखण्याने ते बेजार होते. मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचे बी-१२ कमी होऊ शकते. मुंग्या त्यानेही येतात. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर होऊन जाग येते, हात झटकल्यावर बरे वाटते? मग मनगटात नस दाबली जात असेल. शिवणकाम, धुणीभांडी करणाऱ्यांत हे फार. थायरॉइडही तपासून घ्यावा.

ताकद जाऊ लागली तर मात्र थांबू नका. तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तर लगेच १०८. जुलाबानंतर काही दिवसांत पायांतून वर चढणारा अशक्तपणा जीबीएसचा असू शकतो. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात त्याचे बरेच रुग्ण निघाले. संशय दूषित पाण्यावर होता. अशा वेळी ‘बाहेरचे काही’ म्हणून भगताकडे नेणारे अजून भेटतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तरी हे नको.

सगळे रिपोर्ट चांगले आले, तर त्यांवर विश्वास ठेवा. रात्री मोबाइलवर आजार शोधत बसले की फडफड वाढतेच. विहारातल्या आनापानाने श्वास संथ होतो, पण त्यासाठी चालू गोळ्या बंद करू नयेत. चिंता झोप नि काम दोन्ही खात असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येते.